अनुभव धागा: हॉल बुक करताना काय विचारलं, काय विचारायचं राहून गेलं?

गवतफूल
काल माळ्यावरची बॅग उतरवली, तर आतल्या कप्प्यात बहिणीच्या लग्नाच्या हॉलची पावती निघाली. २७ वर्षांपूर्वीची. मागच्या कोऱ्या बाजूला बाबांनी पेन्सिलीने मांडलेली बेरीज. भाडं, खाली वीज, जनरेटर, सफाई, जादा खुर्च्या, दीड तास उशीर (२ तास धरून). एकूण आकडा ठरलेल्या भाड्याच्या जवळजवळ दीडपट.

एकदम ती रात्र आठवली. मॅनेजरच्या टेबलासमोर बाबा उभे, चष्मा कपाळावर ढकललेला, हातात मीटरच्या रीडिंगची चिठ्ठी. सकाळचं रीडिंग आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं, मग बोलणार कशाच्या जोरावर? बाहेर बहीण निघायची वेळ झाली म्हणून सगळे हाका मारतायत, आणि बाबा "आलो आलो" म्हणत नोटा मोजतायत. तिला गाडीत बसताना त्यांनी पाहिलंच नाही. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर पोचले.

बाबा आता नाहीत. तिच्याच मुलीचं लग्न ठरलंय आणि रविवारी हॉल बघायला मी जाणार आहे. या वेळी आधी सगळं समजून घ्यायचंय. तुमचे अनुभव लिहा ना, बारीकसारीकसुद्धा चालतील.

काठावरची
वाचून गलबलून आलं गं. मीटरचा फोटो काढायचा, ताबा घेताना एक आणि सोडताना एक, शेजारी त्यांचा माणूस उभा करून. जनरेटर असेल तर त्याच्या तासांचंही तेच. आणि दर युनिटचा आहे की सरसकट, ते आधीच विचार.

तिसरी_घंटा
३०० ची हमी, आले २३५. ६५ ताटांचे पैसे न जेवता भरले.
हमी म्हणजे कमीत कमी तेवढ्याचं बिल होणारच, हे आम्हाला कळलं होतं. पण आकडा शेवटच्या आठवड्यात वाढवता येतो, कमी करता येत नाही, हे कळलं नव्हतं. आता घरात कोणाचंही कार्य असलं की मी यादीपेक्षा कमीच हमी द्यायला लावते आणि वरच्या ताटांचा दर लिहून घेते. तो कधीकधी वेगळा असतो. लहान मुलांचं अर्धं की पूर्ण, आणि फोटोवाले, ड्रायव्हर वगैरे कशात धरणार, हेही विचारायचं.
मोजतात कसे, हे तर नक्की विचारा. आमच्या भावाच्या वेळी वापरलेल्या प्लेटा मोजल्या. गोड खायला नवी प्लेट घेतली की माणूस दोनदा मोजला गेला! शेवटी मामा खरकट्या थप्पीजवळ उभे राहिले आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजायला लावलं.

उन्हाळी_पाऊस
मामांना दंडवत :) पण ६५ जण आले का नाहीत?

तिसरी_घंटा
पाऊस. संध्याकाळी ५ ला जो सुरू झाला तो झालाच.

उन्हाळी_पाऊस
अरे देवा. आमचं लॉनवर होतं, पाऊस आला तर आतला हॉल देऊ असं तोंडी सांगितलेलं. आला पाऊस, आणि आत दुसऱ्यांचा साखरपुडा चालू! त्या लोकांनी बिचाऱ्यांनी आमच्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या खुर्च्या दिल्या. अजून येणंजाणं आहे त्यांच्याकडे. पुढे त्यांच्या मुलाच्या मुंजीलाही गेलो होतो आम्ही.

मोजपट्टी
"क्षमता ५००" यावर जाऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा नुसत्या खुर्च्यांच्या रांगांचा असतो. रांगेत माणशी ६ ते ८ चौरस फूट पुरतात, टेबलावर बसवून जेवायला घालायचं तर १० ते १२ लागतात. ४० बाय ६० फुटांचा हॉल धरा, २४०० चौरस फूट. रांगा लावल्या तर ३०० ते ४०० माणसं, टेबलं लावली तर २०० ते २४०. त्यातूनही स्टेज आणि जेवणाच्या काउंटरची जागा जाते. ६ फुटी गोल टेबलाला १० जण आरामात बसतात, ११ वा आला की कोपरं लागतात. मी टेप घेऊनच जातो, लाजत नाही.

सायली_नव्हे_जुई
कर धरून दर आहे का, हे पहिलं विचारा. १०० चा दर, वर १० टक्के सेवाशुल्क, झाले ११०, त्यावर समजा १५ टक्के कर, म्हणजे १२६.५०. ताट एकच, दोन हॉलचे दोन दर, आणि महाग वाटलेला हॉल शेवटी स्वस्त निघाला.

रातकिडा
आम्हाला "पूर्ण दिवस" म्हणाले होते. सकाळी ८ ला ताबा. आदल्या रात्रीचा कार्यक्रम लांबला, झाडून व्हायला साडेनऊ. डेकोरेशनवाला गाडीतच फुलं घेऊन बसलेला. मुहूर्त ११ चा. अर्धीच कमान झाली, फोटोत एक बाजू भरलेली आणि एक नुसते बांबू. बायको अजूनही तो फोटो लावू देत नाही.
ताबा कधी, सोडायचा कधी, आदल्या दिवशी काय आहे, आणि उशीर त्यांच्याकडून झाला तर काय, हे लिहून घ्या. आपण अर्धा तास उशीर केला की पूर्ण तासाचे पैसे घेतात.

गवतफूल
@रातकिडा हे नक्की विचारणार. वहिनींना सांगा, मला तो फोटो फार आवडेल.
आणि मोजपट्टीदादा, टेप पर्समध्ये टाकली.

चावीवाला
मी ९ वर्षं एका हॉलचा मॅनेजर होतो. गवतफूलताई, तुमचे बाबा वाचून वाईट वाटलं. शेवटचं बिल कधी आणि कोण चुकतं करणार, ते आधीच ठरवा. घरच्या मोठ्यांकडे ते काम देऊ नका, एखादा भाचा-पुतण्या नेमा आणि त्याचं नाव मॅनेजरला देऊन ठेवा. निरोपाच्या वेळी हिशेब करायला मलाही कधी आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी माणूस सापडत नाही म्हणून मालक तेव्हाच करायला सांगायचे.
बाहेरचा डेकोरेटर किंवा आचारी आणला तर हॉल रॉयल्टी (त्याबद्दलचे वेगळे पैसे) लावतो, काही ठिकाणी परवानगीच नसते. डिपॉझिटमधून काय काय कापतात (खिळे, भिंतीला चिकटपट्टी, फुटलेली काच), तेही विचारा. आणि एक करा, त्यांना म्हणा, एवढ्याच माणसांच्या एखाद्या झालेल्या लग्नाचं शेवटचं बिल दाखवा, नाव झाकून. दरपत्रकात नसलेल्या ओळी त्यात दिसतात. मला ९ वर्षांत फक्त दोघांनी मागितलं होतं, दोघांनाही दाखवलं.

काठावरची
@चावीवाला हे सोनं आहे.

पिंपळपान
आमची तारीख पुढे ढकलावी लागली, सासूबाई आजारी पडल्या. अॅडव्हान्स बुडाला नाही, नव्या तारखेला वळवून दिला, पण नव्या वर्षाच्या दराने. रद्द करणं आणि पुढे ढकलणं यांचे नियम वेगळे असतात, दोन्ही वाचा.

सायली_नव्हे_जुई
कशा आहेत आता सासूबाई?

पिंपळपान
बऱ्या आहेत गं. रोज सकाळी फिरायला जातात, मीच मागे पडते. थांब, कुकरची शिट्टी झाली.

उंबरा
हॉल वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू करून, आत उभं राहून बघा. आमच्या आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी २२ पायऱ्या चढवल्या. बघायला गेलो तेव्हा लिफ्ट होती, लग्नाच्या दिवशी ती भांड्यांसाठी ठेवलेली. आजोबा वर पोचेपर्यंत डोळे मिटून बसले होते. खुर्चीचा हात इतका घट्ट धरलेला की बोटं सोडवावी लागली.

गवतफूल
आमची आई ८१ ची आहे, उंबरा. हे मला सुचलंच नसतं. पावतीच्या मागे बाबांच्या बेरजेखाली बोटभर जागा उरलीय, तिथे लिहून घेतेय. लिफ्ट, ताबा, नाव झाकलेलं बिल.

नवीन_पालवी
सगळं वाचलं, आमचं पुढच्या महिन्यात आहे. खोल्यांच्या चाव्यांचं कोणी लिहिलं नाही. नणंदेच्या वेळी ५ खोल्या होत्या आणि प्रत्येकीला एकच चावी. नवरीच्या खोलीची चावी आत्याच्या पर्समध्ये आणि आत्या पार्किंगमध्ये. दुसरी चावी मॅनेजरकडे असते का, चावीवाला?