मदत हवी आहे: हार्लेमच्या कोस्टरचा दावा कितपत टिकतो?

छपाईच्या इतिहासावर लेख लिहितोय आणि हॉलंडमधल्या हार्लेमच्या लॉरेन्स कोस्टरपाशी अडलोय; माइन्झच्या गुटेनबर्गच्या आधी छपाई त्यानेच शोधली, असा दावा आहे. बीच झाडाच्या सालीची अक्षरं कोरून त्याने नातवंडांसाठी ठसे उमटवले, ही गोष्ट डच विद्वान हाड्रियानुस युनियुसच्या १५८८ साली छापलेल्या ग्रंथात येते, म्हणजे कोस्टरच्या सांगितल्या जाणाऱ्या काळानंतर जवळपास दीडशे वर्षांनी. भर चौकात पुतळा उभा असला तरी मी ती दंतकथाच धरतो. पण १४९९ चा कोलोनचा वृत्तांत पंचाईत करतो. तो छपाईची कला माइन्झची म्हणतो आणि तिचं ‘पूर्वरूप’ हॉलंडमधल्या दोनातुसच्या लॅटिन व्याकरणपुस्तिकांत होतं, असंही सांगतो. चीन-कोरियातले सुटे खिळे (छपाईची एकेक सुटी अक्षरं) माहीत आहेत, तो विषय इथे नको. इंग्रजी अनुवाद वाचलेत, जुनी जर्मन येत नाही. त्या पुस्तिका कोरीव लाकडी ठोकळ्यांवरच्या की सुट्या खिळ्यांच्या, हे मूळ शब्दांवरून ठरवता येतं का?