श्रवणयंत्र असूनही बैठकीतले बोलणे कळत नाही : मदत हवी आहे

माझा मोठा भाऊ श्रवणयंत्र वापरतो. समोर एकच माणूस असला तर त्याला बोलणे नीट कळते; मात्र कार्यालयातल्या बैठकीत सात-आठ जण बोलू लागले की काहीच उमगत नाही, आणि म्हणून तो आता बैठकांना जायचेच टाळतो. यंत्राचा आवाज वाढवूनही फरक पडला नाही. पुढच्या आठवड्यात महत्त्वाची बैठक आहे, तेव्हा कार्यालयाकडे नेमकी कोणती सोय मागावी ते कृपया लवकर सांगा. "डॉक्टरांना दाखवा" एवढाच सल्ला नको आहे.

रानवारा : यंत्र एका कानाला आहे की दोन्ही? शेवटचा ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीतला आवाज किती ऐकू येतो ते दाखवणारा आलेख) कधी काढला, आणि शब्द ओळखण्याच्या चाचणीत काय आले? आवाज ऐकू येणे आणि शब्द उलगडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी निकामी झाल्या असतील, तर आवाज कितीही वाढवला तरी स, श, त यांसारखी व्यंजने पुसटच राहतात.

किनारा : सांकेतिक भाषेचे दुभाषी मागा. माझी पत्नी जन्मापासून कर्णबधिर आहे. तिच्या लांब बैठकांना दोन दुभाषी असतात आणि थकव्याने अर्थ निसटू नये म्हणून साधारण वीस मिनिटांनी ते आळीपाळीने काम करतात. तिचे एकही वाक्य चुकत नाही.

रानवारा : त्यांच्या भावाला ती भाषा येते, असे त्यांनी कुठे लिहिले आहे? ती स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, आठवड्यात शिकून होणार नाही.

किनारा : मान्य आहे, पण आज ना उद्या शिकायलाच हवी. सगळा भार कर्णबधिर माणसाच्या उरल्यासुरल्या ऐकण्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

अबोली : घरात तान्हे बाळ असेल तर पहिल्या महिन्यातच त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी. दोष असल्यास तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत, कारण भाषा शिकण्याचा तो काळ परत मिळत नाही.

उंबरठा : प्रश्न बैठकीचा आहे, म्हणून तेवढेच लिहितो. श्रवणयंत्राचा माइक कानाशी असतो, बोलणारा मात्र टेबलाच्या पलीकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, पण खोलीतला गोंगाट आणि घुमणारा आवाज तसाच राहतो. त्यावर उपाय म्हणजे बोलणाऱ्याजवळ ठेवायचा आणि थेट यंत्रात आवाज पोहोचवणारा बिनतारी माइक. त्याच्या जोडीला बोलणे लगेच टंकून पडद्यावर दाखवणारा प्रशिक्षित लेखनिक मागावा. मोबाइलमधली आपोआप उमटणारी अक्षरे ऐन वेळी चालतात, पण विशेषनामे चुकतात आणि दोघे एकदम बोलले की सगळेच गडबडते. विषयपत्रिका आधी मिळावी आणि एका वेळी एकानेच बोलावे, एवढे बैठक घेणाऱ्याने पाळले तरी पुष्कळ सोपे होईल.

धागाकर्ती : धन्यवाद. सांकेतिक भाषा त्याला येत नाही. ऐकणे चाळिशीनंतर कमी झाले. यंत्र डाव्या कानाला आहे. उजवा बरा होता, पण परवा सकाळपासून त्यात सारखा शिट्टीसारखा आवाज येतो आणि त्या कानाने फोनवरचे काहीच कळत नाही. मळ साचला असावा. तो बिनतारी माइक कोणत्याही यंत्राला जोडता येतो का?

रानवारा : माइकचे नंतर पाहा, आधी आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मळच असेल तर तो तिथेच निघेल. पण चांगला कान असा अचानक गेला असेल, तर स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच अधिक गुण येतो आणि दोन आठवड्यांनंतर ती आशा बरीच कमी होते. तुम्हाला हा सल्ला नको होता हे ठाऊक आहे, तरीही तोच देतो.

किनारा : या बाबतीत मी रानवारा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. जाताना जुना ऑडिओग्राम सोबत न्या.

धागाकर्ती : संध्याकाळची वेळ मिळाली आहे.

उंबरठा : छान झाले. माइकचे म्हणाल तर तो प्रत्येक यंत्राला जोडता येत नाही. यंत्रात टेलिकॉइल (बाहेरून आलेला आवाज चुंबकीय लहरींतून थेट घेणारी तारेची गुंडाळी) किंवा ब्लूटूथ आहे का ते पाहावे लागेल. यंत्राचे मॉडेल कोणते आहे ते लिहा.