नेट बंद पडलं की आधी फोन कोणाला, लाइनमनला की कंपनीला?

डोंगरवाट:
यंदाच्या पावसात चिपळूणला आईबाबांच्या घरचा फोन, नेट आणि टीव्ही एकदमच गेले. तिन्ही एकाच फायबरवर, त्यामुळे एक तुटलं की सगळंच गेलं. बाबांनी नेहमीप्रमाणे ओळखीच्या लाइनमनला फोन लावला. "उद्या येतो काका" असं करत आठवडा गेला. कंपनीकडे तक्रारच नोंदलेली नव्हती, म्हणजे तिच्या लेखी लाइन चालू होती. बिल पूर्ण महिन्याचं आलं.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करायची, डॉकेट नंबर घ्यायचा आणि मगच लाइनमनला कळवायचं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला हा नंबर द्यावाच लागतो. मुदतीत काम झालं नाही, किंवा झालं ते पटलं नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचं बंधन आहे. पण नंबरच नसेल तर अपील कशावर करणार? बरेच जण थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही.

कातळावरची:
पुण्यात बसून हे म्हणणं सोपं आहे. आमच्या राजापूर तालुक्यात अख्ख्या पट्ट्याला एक लाइनमन. महावितरणच्या खांबावरून गेलेली वायर फांदी पडून तुटली की भर पावसात शिडी लावणारा तोच, अपील अधिकारी नाही. कॉल सेंटरवाल्यांना आमच्या वाडीचं नावसुद्धा धड घेता येत नाही. त्यात तक्रार लांबली की त्या पोराचे पैसे कापतात. दसऱ्याला ज्याच्या हातावर आपण मिठाई ठेवतो त्याच्याविरुद्ध आधी वर नोंद करायची, हे मला पटत नाही. गावात माणूस तुटला की लाइन कायमची तुटते.

डोंगरवाट:
तक्रार त्याच्याविरुद्ध नाहीच, कंपनीविरुद्ध आहे. अख्ख्या पट्ट्याला एकच माणूस ठेवलाय हे कंपनीला कधी कळणार? तुम्ही सगळे त्याच्या मोबाइलवरच मिटवता, वर आकडा जातो शून्य तक्रारींचा, आणि दुसरा माणूस नेमायचं कारणच उरत नाही. त्याचा भार तुमच्या चांगुलपणामुळेच वाढतोय, हे जरा कठोर वाटेल, पण मला तसंच वाटतं.

तारेवरचा:
मी काही वर्षं हेच काम केलंय, म्हणून दोघांनाही सांगतो. पैसे कापतात हे खरं आहे. आणि म्हणूनच तक्रार नोंदली की काही वेळा काम व्हायच्या आधीच तिचा शेवट होतो. मेसेज येतो, मग फोन, "काका, ओटीपी सांगा, उद्या नक्की येतो." ओटीपी दिला की कंपनीच्या लेखी तक्रार मिटली. तेव्हा नंबर घेतला म्हणजे काम झालं, असं डोंगरवाट यांनी समजू नये.

त्याआधी घरातलं बघा. मोडेमवर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल असेल तर प्रकाश घरापर्यंत येतच नाहीये, मोडेम कितीही वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर सोफ्यामागे दुमडली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, ते पाहा. काच आहे ती, तांब्यासारखी वळवून चालत नाही. तो दिवा लाल नसूनही नेट रडतखडत चालत असेल तर लाइनमनला "पॉवर किती येतेय?" असं विचारा, म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, तो डीबीएममध्ये मोजतात. उणे २० च्या आसपास म्हणजे उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेली की लाइन सारखी तुटणार, आणि दोष बहुतेक बाहेरच्या जोडात. पावसात जेसी बॉक्समध्ये, म्हणजे खांबावरच्या जोडाच्या पेटीत, पाणी शिरतं, तो उघडून स्प्लायसिंग मशीनने जोड नव्याने मारावा लागतो. आणि दिवा लाल नाही, पॉवरही चांगली, पण फक्त आतल्या खोलीत नेट नाही? मग तक्रार कोणाचीच नको, राउटर टीव्हीमागून काढून मोकळ्या जागी ठेवा.

मोगरा:
तुम्ही सगळे नेटबद्दलच बोलताय. माझ्या ८० वर्षांच्या आत्याला नेट नकोच आहे, तिला फोन हवाय. जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधूनच यायची. वादळात गावाचे दिवे गेले तरी रिसीव्हर उचलला की टोन असायचा. आता फायबरवरचा फोन मोडेममधून चालतो, म्हणजे घरातली वीज गेली की फोन मुका. डॉक्टरला फोन करायची वेळ नेमकी तेव्हाच येते. जोडणी बदलताना हे तिला कोणीच सांगितलं नाही, तिच्या इमारतीतही कोणाला माहीत नव्हतं. शेवटी मोडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. लाइनमन की कंपनी या वादापेक्षा मला हे मोठं वाटतं.

डोंगरवाट:
मोगरा, आईबाबांकडे यूपीएस याच आठवड्यात बसवतो.

घाटमाथा:
डिशवाल्यांसाठी थोडकंच. जोराच्या पावसात चित्र जातं आणि ढग सरले की येतं, त्याची तक्रार नोंदवू नका. त्या लहरी पावसात विरतातच. पाऊस नसतानाही चित्र तुटत असेल तर गच्चीवर जाऊन डिशच्या समोर बघा, आपल्याकडे ती साधारण आग्नेय-दक्षिणेकडे तोंड करून असते. वाढलेलं आंब्याचं झाड किंवा नवी पाण्याची टाकी आड आलेली सापडते.

आणि डोंगरवाट, अपीलही त्याच कंपनीकडे करायचं, मग त्याचा कसला भरवसा? मी ग्राहक आयोगाचं सुचवेन. फोनच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जायचं, त्याला २००९ च्या निकालाचा आधार होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाला तिथे जाता येतं हे स्पष्ट केलं. आपण राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि आपल्यासारख्यांच्या रकमेला फी लागत नाही. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघावा. माझ्या भावाच्या कंपनीने तेवढ्यावरच बंद काळाचं भाडं परत दिलं.

कातळावरची:
भाडं परत मिळेल हो, पण लाइन? आयोगाची तारीख लागेपर्यंत गणपती येऊन जातील. पोरांची परीक्षा, आईची औषधं मागवायची, सगळं त्या वायरीवर. मी अजूनही आधी त्यालाच फोन करणार. तारेवरचा यांचं ओटीपीचं मात्र लक्षात ठेवीन, आमच्याकडेही असाच फोन येतो आणि आम्ही भिडेखातर आकडे सांगून टाकतो.

तारेवरचा:
ताई, भीड त्याच्यापाशी नीट बोलून ठेवा. "तक्रार तुझ्यावर नाही, पेटीवर आहे" एवढं सांगा, त्याला समजतं. तक्रारीतही "नेट बंद" असं मोघम लिहू नका. "एलओएस लाल, घरातली वायर तपासली, अमुक खांबावरच्या पेटीत पाणी" असं लिहा. मग पेटी बदलायचा खर्च त्याच्या नावावर न पडता कंपनीकडे जायची शक्यता वाढते. आणि ओटीपी लाल दिवा जाऊन फोनवर एकदा बोलून झाल्यावरच द्यायचा, त्याआधी नाही.