पडद्यावरचे प्रथमोपचार आणि आपले अनुभव

चित्रपटात साप चावला की नायक जखमेला तोंड लावून विष शोषतो, आणि मालिकेत यंत्रावरची रेषा सरळ झाली की विजेचा झटका देऊन रुग्णाला परत आणले जाते. ही दृश्ये लहानपणापासून मनात इतकी मुरलेली असतात की खऱ्या प्रसंगी आपले हात आपोआप तेच करू लागतात. आपल्या बाबतीत असे घडले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

भातकापणीच्या दिवसांत आमच्या काकांच्या घोट्याजवळ फुरसे चावले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मी पंच्याने त्यांची पोटरी करकचून आवळली, ब्लेडने चिरा दिला आणि रक्त तोंडाने ओढून थुंकले, तोवर दोघे जण साप मारून सोबत नेण्यासाठी बांध धुंडाळत होते. यात पाऊण तास गेला. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते, त्यामुळे मी दिलेला चिरा वाहायचा थांबेना. डॉक्टरांनी नंतर समजावले की विष तोंडाने ओढून निघत नाही. माणसाला धीर द्यावा, पायातले कडे-जोडवे काढावे, पाय फळीला बांधून हलू देऊ नये आणि त्याला न चालवता रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष दिले जाते, म्हणजे तो साप शोधण्याचीही गरज नव्हती. काका वाचले, पण दंशापेक्षा माझ्या चिऱ्याची जखम भरायलाच अधिक दिवस लागले.

परिचारिका, पुणे:
अतिदक्षता विभागात नातेवाईक मला अनेकदा कळवळून विचारतात, ‘सिस्टर, शॉक का देत नाही?’ हृदय अनियमित थरथरत असेल तेव्हा ती थरथर थांबवण्यासाठी झटका असतो. रेषा सरळ झाल्यावर त्याचा उपयोग नसतो, तिथे छातीवरचे दाब आणि औषधेच द्यावी लागतात. हे दाबही पडद्यावर खोटेच असतात, कारण जिवंत नटाची छाती खरोखर दाबता येत नाही. प्रत्यक्षात कोपरे ताठ ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावे लागते आणि त्यात कधी फासळीही मोडते. अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की तिथे असे उपचार मिळालेल्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांश त्या वेळी वाचतात. ज्यांचा माणूस माझ्यासमोर गेला, त्यांना हा आकडा किती क्रूर आहे हे मी रोज पाहते. त्यांना वाटत राहते की आम्ही काहीतरी करायचे राहून गेले.

शिक्षक, सांगली:
मला मिरगी आहे. महाविद्यालयात असताना झटका आला तेव्हा मित्रांनी नाकाला चप्पल लावली आणि दातांत चमचा घातला. समोरचा दात तुटला. कुशीवर वळवून डोक्याखाली काही मऊ ठेवले असते आणि घड्याळाकडे पाहिले असते, तर पुरे होते. झटका पाच मिनिटांहून लांबला, तर मात्र 108 वर फोन करायला हवा.

गृहिणी, ठाणे:
जलतरण तलावात माझी सात वर्षांची मुलगी माझ्यापासून चार हातांवर बुडत होती आणि मला वाटले ती खेळते आहे. पडद्यावर बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा’ म्हणतो. तिचे तोंड पाण्याच्या रेषेशी वरखाली होत होते आणि हात पाणी खाली दाबत होते. ओरडायला श्वासच नव्हता. शेजारच्या बाईंनी तिला उचलले. आता ती पाण्यात असली की मी तिच्याशी सतत बोलत राहते, आणि एकाही प्रश्नाला उत्तर आले नाही तर लगेच उतरते.