खाडी म्हणजे तळं नव्हे
कोणीतरी लिहिलंय की मालवणजवळच्या देवबागची कर्ली खाडी तळ्यासारखी शांत, पोहता येत असेल तर कायाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) चालवताना लाइफ जॅकेट कशाला. अहो, शांत दिसते ती भरती पूर्ण भरली की, तीसुद्धा थोडाच वेळ. ओहोटी लागली की तेच पाणी संगमाकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिकडे, असं ओढतं की वल्हं मारून मारून हात भरून येतात आणि कायाक जागची हलत नाही, मी स्वतः अडकलोय, शेवटी कडेला लागून चिखलातून दोरीने ओढत आणली. जायच्या आधी तिथी बघा, आमच्याकडचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट, चतुर्थीला साधारण ३ वाजता पूर्ण भरती, अष्टमीला ६, अंदाजच तो पण चालतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा नवख्यांनी संगमाकडे फिरकूच नये. धामापूरच्या तलावात भरती-ओहोटी नाही हे मान्य, पण दुपारी वारा सुटला की मधोमध हाल होतात, काठाकाठानेच जा. उलटलात तर कायाक सोडून पोहत सुटू नका, ती तरंगते, धरून ठेवा. आणि जॅकेट अंगात, बकल लावून, पायाखाली नाही (फोटोपुरतं घालणारेही बघितलेत!)