उत्तर: भिंत नव्हे, खांब बघा

वर एकांनी लिहिलंय की वाड्याच्या भिंती हात-दीड हात जाड असायच्या त्या माड्यांचा भार पेलायला. अर्धंच खरं आहे ते. साताऱ्यात मंगळवार पेठेत आमच्या आत्याचं सासर, दोन चौकी वाडा, म्हणजे आत दोन मोकळी अंगणं असलेला. तिथे बघितलंय म्हणून सांगतो: खालचं जोतं घडीव काळ्या दगडाचं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या) आणि त्यावर मातीचा थर. भार बहुतेक या सांगाड्यावर. मधली भिंत पांढरीच्या मातीची (जुन्या गावठाणातल्या पांढऱ्या मातीची) किंवा विटांची, म्हणजे भरणा. उन्हाळ्यात माजघर गार राहायचं ते त्या जाडीमुळे.

आत्याच्या सासूबाई सांगायच्या, डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा परसाकडची भिंत ढासळली, पण वरचा मजला जागेवरच! खांब तुळयांना खुंट्यांनी जोडलेले, त्यामुळे सांगाडा थोडा हलतो, लगेच मोडत नाही.

आणि तो लोखंडी खिळ्यांचा दिंडी दरवाजा, देवडी वगैरेंचे फोटो सगळेच काढतात. खांबाच्या बुडाशी असलेला दगडी तळखडा मात्र कुणी बघत नाही. लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून तो. हल्ली दुरुस्तीत चौकात सिमेंटचा कोबा करून तळखडा बुजवतात, मग ओल मुरते आणि खांब खालून कुजतो. आत्याकडे नेमकं हेच झालं. गवंड्याला काय बोलणार, कोबा आम्हीच सांगितला होता.