विधान-निष्कर्षाचे प्रश्न: तक्ता पाठ करायचा की वर्तुळं काढायची?

कृष्णाकाठ (सांगली):
विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांचं रीझनिंग (तर्काचे प्रश्न) घेतो. काल हा प्रश्न दिला. सर्व पेढे गोड आहेत. काही गोड पदार्थ लाडू आहेत. निष्कर्ष 1: काही पेढे लाडू आहेत. निष्कर्ष 2: एकही पेढा लाडू नाही.
अकरापैकी सात जणांनी दुसरा निष्कर्ष बरोबर धरला. पेढा म्हणजे लाडू नव्हे हे त्यांना घरून माहीत आहे, दिलेल्या विधानांत ते कुठेच नाही. दोघांनी वहीच्या मागच्या पानावरचा तक्ता बघितला, 'सर्व अधिक काही म्हणजे निष्कर्ष नाही', आणि 'दोन्ही चूक' लिहून मोकळे झाले. तक्ता बरोबर, उत्तर चूक. एक खरा असेल तर दुसरा खोटा, आणि दोन्ही एकदम खोटे पडूच शकत नाहीत. म्हणून उत्तर 'एक किंवा दोन'. तक्त्यात हे बसत नाही. माझं म्हणणं, तक्ते पाठ करून घेणं बंद करा, प्रत्येक गटाचं एक वर्तुळ काढून ताडून बघायला शिकवा.

सातारी_गडी:
सर, पटलं नाही. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅटला, म्हणजे उतारे आणि तर्काच्या दुसऱ्या पेपरला, दोन तासांत 80 प्रश्न, एकाला दीड मिनिट. निम्मा जीव उतारे वाचण्यात जातो, तिथं वर्तुळं कधी काढायची? चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिस्सा कापतात ते वेगळंच. शिवाय चित्रंही फसवतात. 'काही अ ब आहेत, काही ब क आहेत' याचं चित्र काढताना माझी तिन्ही वर्तुळं एकमेकांत गेली आणि मी 'काही अ क आहेत' चा गोल काळा करून आलो. 'दोन काही, हाती काही नाही' एवढं पाठ असतं तर वाचलो असतो. आणि 2022 पासून या पेपरला 33 टक्के, म्हणजे 200 पैकी 66 गुण मिळवून फक्त पात्र व्हायचंय.

कृष्णाकाठ:
तू एकच चित्र काढलंस, तिथं घोटाळा झाला. निष्कर्षाला जुळणारं चित्र नाही शोधायचं, तो मोडणारं शोधायचं. अ आणि क ब च्या दोन टोकांना ठेव, एकमेकांना शिवू देऊ नकोस. दोन्ही विधानं टिकतात, निष्कर्ष पडतो. सवय झाली की वीस सेकंद पुरतात.

हळदपेठ:
मला या प्रश्नांचाच राग आहे. 'सर्व दगड पुस्तके आहेत' असलं वाचून मुलं काय विचार करायला शिकणार? आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जसं चुलीजवळ दिसतं. उदाहरण द्यावंच लागतं, म्हणजे पाय जमिनीवर राहतात.

सातारी_गडी:
ताई, दगड-पुस्तकं मुद्दाम असतात, घरचं ज्ञान आड येऊ नये म्हणून. सरांच्या पेढ्यात सात जण त्यानंच गेले.

पोवईनाका:
तक्ता की चित्र हा वाद नंतरचा, पोरं मराठी वाक्यातच अडकतात. 'सगळे आंबे गोड नसतात' याचा अर्थ आपण काय घेतो? काही आंबट निघतात. पण तेच 'सर्व अ ब नाहीत' असं छापलं की निम्मी पोरं 'एकही नाही' धरतात, निम्मी 'काही नाहीत'. इथंच दोन वेगळी उत्तरं तयार होतात. मी मुलांना सांगते, असं वाक्य दिसलं की शेजारचं इंग्रजी वाचा. आणि 'काही अ ब नाहीत' उलटवून 'काही ब अ नाहीत' कधीच करू नका. काही माणसं शिक्षक नाहीत हे खरं. काही शिक्षक माणसं नाहीत, हे चालेल का?

कृष्णाकाठ:
पोवईनाका, हे मात्र शंभर टक्के. उद्याचा तास याच वाक्यांवर घेतो.

नवी_उमेदवार (मिरज):
एक शंका. 'सर्व पेढे गोड आहेत' यावरून 'काही गोड पदार्थ पेढे आहेत' निघतं का? एका पुस्तकात हो, एकात नाही.

पोवईनाका:
परीक्षेत हो. तिथं पेढे आहेत असं धरूनच चालतात. आधुनिक तर्कशास्त्र तसं धरत नाही, एकही पेढा नसेल तरी 'सर्व' विधान खरं मानतं. म्हणून तर दोन विधानं आणि एक निष्कर्ष यांच्या 256 शक्य रचनांपैकी जुन्या पद्धतीनं 24 ग्राह्य ठरतात आणि नव्या पद्धतीनं 15. तू 24 वाल्यांच्या बाजूनं सोडव.